शेवटचा ठोका

माझ्या काकांना मी तोंडावर पाडणार होते. अगदी खरोखर, नाकावर, भरल्या सभेत, हातातल्या कागदांसकट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की पोर बिचारी दुःखात होती, तिच्या हातून नकळत झालं. नकळत काही झालं नाही. दुःख होतंच, पण राग जास्त होता, आणि राग आला की माझं डोकं फार छान चालतं. बाबा मला ठिणगी म्हणायचे ते काही उगीच नाही.

बाबा गेले त्याला आठवडा होत आला होता. प्रार्थनाघरात त्यांची स्मरणसभा ठरली होती. मुख्य भाषण करणार होते काका, म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, लाकडाच्या वखारीचे मालक आणि प्रार्थनाघराच्या समितीचे अध्यक्ष. सभेच्या आधी ते घरी आले, आईसमोर बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, दादाबद्दल मीच बोलणार. माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

आईनं मान डोलावली. मी स्वयंपाकघरात होते. हातातला कप मी ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटून हातात आला.

"काय फुटलं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, अजून काही फुटलं नाही," मी म्हणाले.

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. जिन्याखालची, अंगणातली झाकणं उघडायची, वाकायचं, आकडा बघायचा, पुढच्या घरी जायचं. नोकरी एवढीच. पण बाबा नावाचा माणूस नोकरी संपल्यावर सुरू व्हायचा. एक काळ असा होता की आमच्या घरात अंघोळीला रांग लागायची, कारण न्हाणीघरात बाबा फोटो धुवायचे. आई बाहेरून दार वाजवायची, "अहो, माणसं धुऊ द्या की आता!" मग दुर्बीण आली. चंद्र बघायला घेतली, पण समोर उंच इमारत, चंद्र कुठला दिसायला. तर बाबा समोरच्या म्हाताऱ्यांचा टीव्ही बघायला लागले. आवाज ऐकू येत नसे, म्हणून नट-नट्यांचे संवाद स्वतःच म्हणायचे, बाईच्या आवाजात बाई आणि बुवाच्या आवाजात बुवा. आम्ही हसून हसून लोळायचो. गुलाबाची कलमं झाली, माउथ ऑर्गन झाला, जुने रेडिओ झाले. कुलपं उघडून बघायचा नाद लागला तेव्हा मी शाळेत होते. मीही शेजारी बसून बघायचे. आज मी कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवते ते त्या नादापायी.

आणि सगळे छंद घरातल्यांसाठी. हे मी मुद्दाम सांगतेय. पुष्कळ पुरुषांचे छंद म्हणजे घरापासून पळून जायची वाट असते. बाबांचं उलटं होतं. आईचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, वेणी घालता येईना, तर हा माणूस वेण्या घालायला शिकला. साधी तिपेडी जमली म्हणून थांबला नाही, चौपेडी, पाचपेडी, गोल अंबाडा, सगळं. रोज सकाळी आई स्टुलावर आणि बाबा मागे, तोंडात पिना धरून. खांदा थोडा बरा झाल्यावर आई म्हणाली, "आता माझी मी घालेन." बाबा म्हणाले, "तुला जमेल गं, पण माझ्या छंदाचं काय?"

देवावर त्यांचा विश्वास होता. मोठा होता, पण आवाज करणारा नव्हता. देवाचं नाव त्यांच्या तोंडी दोनच वेळा यायचं, जेवायच्या आधी आणि अंगठ्यावर हातोडी बसली की. आठवड्याची प्रार्थना मात्र त्यांनी कधी चुकवली नाही, आणि सुतारकामाला बसण्याआधी हात धुवायचे. काम झाल्यावर नाही, आधी.

सुतारकाम हा सगळ्यात जुना छंद. त्यात त्यांची एक पद्धत होती, आणि आमच्या वस्तीत ती ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. बाबा खिळा वापरत नसत. लाकडात लाकूड अडकवायचे आणि सांध्यात पाचर ठोकायचे. वस्तू पुरी करून द्यायचे, पण शेवटची पाचर स्वतः ठोकायचे नाहीत. ज्याची वस्तू त्याच्या हातात ती पाचर द्यायचे, सोबत आपली छोटी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, आणि म्हणायचे, "शेवटचा ठोका तुमचा." बेकरीवाल्याचं स्टूल, शाळेच्या मोठ्या बाईंचं पुस्तकांचं कपाट, कोणाचा पाळणा, कोणाचं पाखरांचं घरटं, सगळ्यांनी आपला शेवटचा ठोका आपल्या हातानं मारलेला. पाचरीच्या डोक्याला बाबा अंगठा बसेल एवढा खळगा करायचे. लहानपणी मी विचारलं होतं, असं का. तर म्हणाले, "देवानं तरी आपल्याला कुठे पुरतं करून पाठवलंय? एक ठोका आपल्यासाठी ठेवलाय त्यानं. मग मी कोण टिकोजी लागून गेलो सगळं पुरं करणारा?"

आता मेजाचं ऐका.

प्रार्थनाघरात ग्रंथ ठेवून उभ्यानं वाचायचं एक मेज होतं. त्याला वाळवी लागली. काका तेव्हा अध्यक्ष नव्हते, व्हायचं होतं. ते म्हणाले, नवीन मेज माझ्याकडून. वखारीतून उत्तम जुनं लाकूड त्यांनी पाठवलं, आमच्या घरी. "दादा, तुझा हात चांगला आहे, करून दे." बाबांनी ते मेज आमच्या पुढच्या खोलीत केलं. सोफा गच्चीवर गेला. भुसा डाळीत, भुसा अंथरुणात, भुसा माझ्या केसात. कडेनं गुलाबाची वेल कोरली, ती त्यांच्याच कुंडीतल्या गुलाबावरून, काटे मोजून घेतल्यासारखे. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

मेज न्यायच्या दिवशी बाबा तापानं आडवे होते. काका हातगाडी घेऊन आले. बाबांनी अंथरुणातून उठून पाचर त्यांच्या हातात दिली, वर मोगरी. म्हणाले, "सगळ्यांसमोर ठोकायची. समितीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून ठोकून घे. मेज सगळ्यांचं आहे."

काकांनी काय केलं? पाचर वखारीतच ठोकून टाकली आणि पाचरीच्या तोंडावर पितळी पाटी बसवली. पाटीवर स्वतःचं नाव, आणि खाली कोरलेलं, 'यांनी स्वहस्ते घडवले'. मोगरी दुसऱ्या दिवशी माणसाच्या हाती परत पाठवली.

लोकांना काय, पटलं. वखारवाला माणूस, लाकडात आयुष्य गेलेलं, केलं असेल मेज. शिवाय बाबांच्या वस्तूला शेवटचा ठोका असतो आणि याला तर कोणी ठोका मारलेला पाहिला नव्हता. वर्षभरात काका अध्यक्ष झाले. आणि अध्यक्ष झाल्यावर एका प्रार्थनेला त्याच मेजावर कोपरं टेकवून, हसत हसत, सगळ्यांसमोर म्हणाले, "आता आमचा दादाच बघा. माणूस लाख, पण छंद इतके की देवासाठी वेळ कुठून उरणार!"

लोक हसले. बाबाही हसले. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं, त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या आठवड्यापासून बाबा शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागले, आणि मरेपर्यंत तिथेच बसले.

मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "बाबा, तुम्ही बोलत का नाही? तोंड शिवलंय का? मी जाते आणि ती पाटी उखडून त्यांच्या डोक्यात घालते!"

"ठिणगे, बस खाली. ज्याच्यासाठी केलं त्याला माहीत आहे कोणी केलं ते."

"त्याला माहीत असून काय उपयोग? तो काय समितीच्या बैठकीला येतो?"

बाबा यावरही हसले. आई गहू निवडत होती. आई असल्या वेळी नेहमी काहीतरी निवडत असते.

पण एक गोष्ट बाबांना खात होती, आणि ती पाटी नव्हती. लाकूड कोरड्या हवेत आकसतं, पाचर थोडी सैल होते. घरातल्या प्रत्येक वस्तूला बाबा वर्षातून एकदा हलकासा ठोका द्यायचे. मेजाची पाचर पाटीच्या मागे बंद. शेवटच्या बाकावरून त्यांना मेज डुगडुगताना दिसायचं, कोणी पान उलटलं की जरासं, इतरांना कळणारही नाही इतकं. बाबांचा हात मांडीवर आपोआप हलायचा. शेवटच्या आजारात, बोलताना धाप लागत होती तेव्हा, मला जवळ बोलावून म्हणाले, "ठिणगे, त्या मेजाला एक ठोका हवाय गं. कोणीतरी पडेल."

मी म्हणाले, "देते बाबा."

असं म्हटलं होतं मी. आणि मग बाबा गेले, काका आले, चष्मा पुसून म्हणाले माझ्याइतकं त्याला कोण ओळखतं, आणि मला सुचलं की पडू दे की. कोणीतरी कशाला, ज्यानं पडायला हवं तोच पडू दे.

कल्पना साधी होती. मेजाचा उभा भाग खालच्या जाड पायाच्या खाचेत बसतो आणि पाचर त्याला घट्ट धरते. पाचर काढली तरी मेज उभंच दिसतं. हलकं पुस्तक ठेवलं तरी उभं राहतं. माणूस टेकला की मात्र पुढे जातं, आणि मेज मंचाच्या अगदी कडेला, खाली पायऱ्या. काकांची बोलायची ढब सगळ्या वस्तीला पाठ आहे. आधी कोपरं टेकतात, मग पोट, मग सगळा माणूस त्या मेजावर सोडून देतात. भावाच्या गुणांचं वर्णन करता करता भावाच्याच मेजावरून खाली येतील, या विचारानं मला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सभेच्या दिवशी सकाळी आईनं बाबांच्या वस्तू पिशवीत भरून दिल्या. फोटोजवळ एका टेबलावर मांडायच्या होत्या. दुर्बीण, माउथ ऑर्गन, कलमं करायचा चाकू, मोगरी. मी म्हणाले, मी पुढे होते, खुर्च्या लावायला. प्रार्थनाघराचं कुलूप माझ्याच दुकानातलं, एक किल्ली कायम माझ्याकडे असते.

आत कोणी नव्हतं. मी मेजासमोर मांडी घालून बसले आणि पाटीचे स्क्रू काढले. मागे पाचर होती. मोगरीनं उलट्या बाजूनं दोन ठोके दिले, निघाली. हातात घेऊन बघते तर डोक्यावरचा अंगठ्याचा खळगा ठेचलेला. लोखंडी हातोडी घातली होती काकांनी. बाबांनी मोगरी हातात दिलेली असताना! तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मनात कुठेतरी थोडी चलबिचल होती, तीही गेली. पाटी परत लावली, स्क्रू हातानंच फिरवले, पाचर पर्समध्ये टाकली आणि खुर्च्या लावायला लागले. लावताना चक्क शीळ घालत होते.

सभेला माणूस मावेना. पाणीखात्यातले लोक आले, बेकरीवाला दुकान बंद करून आला, शाळेच्या मोठ्या बाई काठी टेकत येऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. निवृत्त झाल्या तरी त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. आई माझ्याशेजारी पहिल्या रांगेत. तिची वेणी मी घातली होती, वाकडी आली होती. मी मेजाकडे बघत होते. कोणी चुकून टेकू नये म्हणून प्रार्थनेच्या वेळी ग्रंथ मीच हातात धरायला लावला होता, मेज डुगडुगतं असं वाचणाऱ्या मुलीच्या कानात सांगून. सगळा बंदोबस्त चोख.

प्रार्थना झाली. काका मंचावरच्या खुर्चीवरून उठले. हातात कागद, चार-पाच तरी असतील. मेजाकडे निघाले. एक पाऊल, दुसरं पाऊल. या काका, या, टेका.

आणि काका थांबले. सभेकडे वळले, गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला आणि म्हणाले, "मी बोलेनच. पण आज पहिला मान माझा नाही. आधी आमच्या वहिनी दोन शब्द बोलतील. या वहिनी, या."

हे ठरलेलं नव्हतं. आई आयुष्यात कधी सभेत बोललेली नाही. मला वाटलं ती मान हलवेल, नको म्हणेल. पण आई उठली. पदर सावरला आणि निघाली. काकांनी हात देऊन तिला पायऱ्या चढवल्या, सगळ्यांना दिसेल असा हात दिला, आणि स्वतः मागे खुर्चीत जाऊन बसले. आईला फार वेळ नुसतं उभं राहता येत नाही. तिनं डावा हात पुढे केला, टेकायला.

"आई, थांब! हात लावू नकोस!"

मी ओरडले हे मला नंतर कळलं. अख्खी सभा माझ्याकडे बघत होती. आईचा हात हवेत.

"काय गं? काय आरडाओरडा हा?" काका खुर्चीतून म्हणाले. "आज तरी!"

"मेज डुगडुगतंय."

काका हसले. तेच ते हसू. "काही डुगडुगत नाही. अगं, मी स्वतः केलंय ते, या हातांनी. हत्ती टेकला तरी हलणार नाही. वहिनी, टेका तुम्ही खुशाल."

आता काय करायचं होतं मी? तोंडानं काही सांगायला गेले असते तर बोबडी वळली असती. मी पायऱ्या चढले, आईला खांद्याला धरून एक पाऊल मागे केलं, आणि मेजासमोर जमिनीवर बसले. स्क्रू हातानंच लावलेले होते, हातानंच निघाले. पितळी पाटी काढून मी बाजूला ठेवली. ती जमिनीवर वाजली. पाटीच्या जागी मोकळं भोक होतं, सगळ्यांना दिसेल असं.

मग मी पर्समधून पाचर काढली.

मला वाटलं, संपलं सगळं. आता विचारतील ही तुझ्या पर्समध्ये कशी, आणि काकांऐवजी मीच तोंडावर आपटणार. पाचर भोकात बसवली, डोक्यावर अंगठा दाबला आणि इकडे तिकडे बघितलं, कशानं ठोकू. आईनं शेजारच्या टेबलावरून, बाबांच्या फोटोजवळून, मोगरी उचलली आणि माझ्यासमोर धरली. मी दोन ठोके मारले. पाचर पाऊणभर आत गेली.

तेवढ्यात मागून बेकरीवाल्याचा आवाज आला. त्याचा आवाज मुळातच भट्टीजवळ कमावलेला. "अरे! हे तर दादांचं काम!"

कोणीतरी "श्श" केलं. पण मग दुसऱ्या रांगेत काठी वाजली. शाळेच्या मोठ्या बाई उभ्या राहिल्या होत्या. वर्गात म्हणायच्या तशा, खणखणीत, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "शेवटचा ठोका तुमचा."

मी मान वर करून पाहिलं. त्या सभेत असा एक माणूस नव्हता ज्याच्या घरी बाबांच्या हातचं काही ना काही नव्हतं. प्रत्येकानं कधी ना कधी ती मोगरी हातात धरलेली, तो अंगठ्याचा खळगा चाचपलेला. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लोक आधी भोकाकडे बघत होते, मग जमिनीवरच्या पाटीकडे, आणि मग एकेक करून काकांकडे बघायला लागले.

"लाकूड माझं होतं," काका म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"हो काका," मी म्हणाले. "लाकूड तुमचं होतं."

मी उठले आणि मोगरी आईच्या डाव्या हातात दिली. आई हळूच वाकली, खांदा दुखतो म्हणून एका बाजूनं, आणि तिनं ठोका मारला. एकच. पाचर जागेवर गेली. लाकडाचा तो भरीव आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय, वस्तू पुरी झाली की येतो तो. मग आईनं मेजावर हात टेकला. मेज हललं नाही.

"मला बोलता येत नाही," आई म्हणाली. "हे असते तर त्यांनी माउथ ऑर्गन वाजवून वेळ मारून नेली असती." लोक हसले, काही जण डोळे पुसत हसले. "सगळे म्हणतात त्यांना छंद फार होते. होतेच. माझा खांदा धरला तेव्हा वेण्या घालायला शिकले. आज वेणी लेकीनं घातलीय, ती तुम्हाला दिसतेच आहे. देवासाठी त्यांना वेळ नव्हता असं इथूनच एकदा कोणीतरी म्हणालं होतं. हे मेज त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत केलं. महिनाभर भुसा मी झाडलाय. रोज हात धुऊन कामाला बसायचे. मला वाटतं, तो सगळा वेळ देवाचाच होता."

एवढंच बोलली. मग मागे वळली, आणि मी तिच्या तोंडून इतका गोड आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"या भावजी. बोला आता तुम्ही. टेकून बोला, मेज पक्कं झालंय."

काकांना यावं लागलं. अध्यक्षच ते, पळणार कुठे? मेजामागे उभे राहिले, कागद वर ठेवले आणि हात टेकायला गेले. पण टेकले नाहीत. वेलीवरचा गुलाब चावेल की काय असे हात मागे घेतले आणि अंगाशी धरून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. पहिला कागद पाहिला, तो खाली ठेवला. दुसरा पाहिला, तोही ठेवला. बहुतेक सगळ्याच कागदांवर तेच होतं, छंद, देव आणि वेळ. शेवटी म्हणाले, "दादा... चांगला माणूस होता." आणि खुर्चीत जाऊन बसले. टाळी नाही, खोकला नाही, काही नाही. ती शांतता मी पुरेपूर ऐकून घेतली. खोटं कशाला बोलू, मला ती गोड लागली.

सभा संपल्यावर बेकरीवाला येऊन मेजाच्या पायाशी वाकला आणि पाचरीवर अंगठा ठेवून बघू लागला. त्याच्यामागे मोठ्या बाई, त्यांच्यामागे पाणीखात्यातले लोक. मी पाटी उचलली आणि दाराशी काकांना गाठलं. ते चपला शोधत होते, समोरच होत्या तरी.

"काका, तुमची पाटी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाटी घेतली, कोटाच्या खिशात घालायला गेले, ती मावेना. शेवटी तशीच हातात धरून, नावाची बाजू अंगाकडे करून, रस्त्यानं गेले. पुढच्या महिन्यात प्रकृतीचं कारण सांगून त्यांनी अध्यक्षपद सोडलं. मी भेटायला गेले नाही. जाणारही नाही. माफ बाबांनी केलं असेल, तो त्यांचा छंद होता. मला असले छंद नाहीत.

घरी जाताना आई माझ्या हाताला धरून चालत होती. पिशवीत मोगरी आणि दुर्बीण एकमेकांवर वाजत होत्या. कोपऱ्यावर वळल्यावर तिनं विचारलं, "पाचर तुझ्या पर्समध्ये कशी गं?"

मी पिशवी सावरली.

"सकाळी काढलीस."

"हो."

"भावजी टेकतील म्हणून."

"हो."

मी वाट बघत होते. आता ऐकवेल, बाबांचं नाव घेऊन ऐकवेल, ते असते तर त्यांना काय वाटलं असतं वगैरे. आणि तिचं काही चुकलं नसतं. त्या पायऱ्यांवरून ती पडली असती तर, हा विचार मी अजून पुरता करू शकलेले नाही.

"ते पडले असते," आई म्हणाली, "तर तुला बरं वाटलं असतं?"

"हो आई. खूप."

आमच्या फाटकाशी आलो. आईनं कडी काढली आणि आत जाता जाता, मागे न बघता म्हणाली, "मलाही."

मग स्टुलावर जाऊन बसली आणि मला म्हणाली, वेणी सोड आणि नीट घाल.